छोटं ऑफिस घे, पण व्हिसाचं गणित आधी मांड

वाचकाचं पत्र:

"ताई, मी मूळची साताऱ्याची. शिवाजी विद्यापीठाकडून खो-खो खेळले, आंतरविद्यापीठ स्पर्धांना गेले. सध्या अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात क्रीडा प्रशासनात मास्टर्स करते आहे, मे महिन्यात संपेल. हातात दोन पत्रं आहेत. एक आहे डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या, एका लहान कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या क्रीडा संघटनेच्या) ऑफिसमध्ये ऑगस्ट ते मे इंटर्नशिप. काम स्पर्धांच्या आयोजनाचं आणि कम्प्लायन्सचं, म्हणजे नियम पाळले जातात की नाही ते पाहण्याचं, पैसे जेमतेम. दुसरं आहे एका मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठाच्या तिकीट विक्रीत कायमची नोकरी. पगार जवळपास दुप्पट. माझं स्वप्न कधीतरी एखाद्या कॉन्फरन्सची कमिशनर, म्हणजे प्रमुख, व्हायचं आहे. बाबा म्हणतात, कॉलेजच्या खेळांचं ऑफिस ही काय नोकरी झाली, चांगली चालून आलेली नोकरी सोडू नको. वर्गातले मित्र म्हणतात, आता कमिशनर टीव्ही आणि धंद्यातून येतात, तळापासून चढायचे दिवस गेले. आणि त्या खुर्चीत माझ्यासारखं नाव असलेलं कुणी मला दिसत नाही. काय करू?"

तुझी होकार कळवायची मुदत जवळ आली असेल, म्हणून उत्तर आधी सांगते. इंटर्नशिप घे. मात्र व्हिसाचं गणित कागदावर मांडल्याशिवाय आणि दोन्हीकडे काही प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नकोस. उत्तरं वाकडी आली तर माझा सल्लाही बदलतो, तेही पुढे सांगते.

आधी बाबांचा प्रश्न, कारण तो रास्त आहे. आपल्याकडे विद्यापीठांच्या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ घेतो. तोच देशाचे विभाग पाडतो. आपण पश्चिम विभागात खेळायचं की दक्षिण, हे कोल्हापूरच्या विद्यापीठाच्या मर्जीवर नसतं. अमेरिकेत कॉन्फरन्स ही कॉलेजांनी आपणहून बांधलेली मोट आहे. १८९५ साली शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात मिडवेस्टमधल्या सात विद्यापीठांचे अध्यक्ष एकत्र बसले, त्यातून आजची बिग टेन उभी राहिली. तिथे त्यांनी पहिला विषय घेतला तो खेळाडू कुणाला म्हणायचं याचा: जो खरोखर पूर्णवेळ विद्यार्थी आहे आणि अभ्यासात मागे पडलेला नाही, त्यालाच मैदानात उतरता येईल. टीव्ही नव्हता, प्रक्षेपण हक्क नव्हते, तेव्हाही कॉन्फरन्सचं मूळ काम पात्रतेचं होतं. तुला देऊ केलेलं कम्प्लायन्सचं टेबल या धंद्यातलं सगळ्यात जुनं टेबल आहे, हे बाबांना जरूर सांग.

आज डिव्हिजन वनमध्ये अशा तीसच्या आसपास कॉन्फरन्स आहेत. वेळापत्रक लावणं, पंच नेमणं, अजिंक्यपद स्पर्धा भरवणं, टीव्हीचे करार करणं, आलेला पैसा सभासद कॉलेजांत वाटणं आणि नियम पाळले जातात की नाही ते पाहणं ही कामं या ऑफिसची. लोकांना वाटतं कमिशनर हा मालक असतो. तो नोकर असतो, आणि त्याचे मालक अनेक असतात. विद्यापीठांचे अध्यक्ष त्याला नेमतात आणि काढतात. प्रत्येक ॲथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाला, तो आपल्या कॉलेजचाच वाटायला हवा असतो. ज्या बैठकीत दहा कॉलेजांना दहा वेगळ्या गोष्टी हव्या असतात, तिथून दहाही जण बरोबर बाहेर पडले पाहिजेत, हे त्याचं खरं काम. मी एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात कम्प्लायन्स पाहते, त्यामुळे कॉन्फरन्स ऑफिसशी माझं रोज बोलणं होतं. तिथे वर चढलेली जी माणसं मी पाहिली, त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सारखी ऐकली: "त्याला फोन केला की खरं उत्तर मिळतं, आपल्या विरोधात असलं तरी." तुझ्या स्वप्नाला लागणारं भांडवल हेच आहे, आणि ते कमवायची जागा तू निवडते आहेस. पगाराचा आकडा त्यानंतर येतो.

आता खुर्चीत बसलेल्या माणसांचे रस्ते पाहू. एसईसी, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे कमिशनर ग्रेग सँकी घे. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न या गावचा माणूस. सुरुवातीला एका छोट्या कॉलेजात हौशी आंतरवर्गीय खेळांचं काम पाहायचा. मग लुइझियानातल्या नॉर्थवेस्टर्न स्टेट विद्यापीठात कम्प्लायन्स सांभाळलं, तिथे गोल्फच्या संघाचं प्रशिक्षणही केलं. १९९२ मध्ये साउथलँड कॉन्फरन्सच्या ऑफिसमध्ये गेला आणि १९९६ मध्ये तिथलाच कमिशनर झाला. पुढची पायरी नीट वाच: २००२ मध्ये त्याने कमिशनरपद सोडलं आणि एसईसीमध्ये दुय्यम अधिकारी म्हणून रुजू झाला. पदाचं नाव खाली गेलं, कामाचा आवाका वाढला. तिथे तेरा वर्षं काढल्यावर २०१५ मध्ये तो कमिशनर झाला. आपल्या घरांत पदाचं नाव खाली गेलं की नातेवाईक हळहळतात. तुझ्यावर अशी पाळी येईल तेव्हा हे उदाहरण हाताशी असू दे.

बिग टेनचे माजी कमिशनर जिम डिलेनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळले, तिथेच कायद्याची पदवी घेतली आणि १९७५ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी नियामक संस्थेत चौकशी अधिकारी झाले. कॉलेजांनी नियम कुठे मोडले ते शोधायचं काम. १९७९ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडली असताना, ओहायो व्हॅली कॉन्फरन्सचे कमिशनर झाले. लहान कॉन्फरन्स, पैसा नाही, टीव्हीवर कुणी दाखवत नाही. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी तेव्हा नवीन होती आणि रात्रीचे तास भरायला त्यांना काहीतरी हवं होतं. डिलेनींनी आपल्या कॉलेजांना रात्री उशिरा सामने खेळायला राजी केलं. खेळाडूंच्या झोपेचं, प्रेक्षकांच्या सोयीचं, प्रशिक्षकांच्या कुरकुरीचं काय, हे एकेका कॉलेजाशी बोलून सोडवावं लागलं असणार. १९८९ मध्ये ते बिग टेनमध्ये आले, २०२० पर्यंत राहिले आणि २००७ मध्ये त्यांनी कॉन्फरन्सची स्वतःची वाहिनी उभी केली. टीव्हीची गोडी त्यांना लहान ऑफिसमध्ये लागली होती, जिथे दुसरं कुणी ते काम करायला नव्हतं.

मला सगळ्यात आवडतो तो माइक ट्रॅंगीझींचा रस्ता. ते प्रॉव्हिडन्स कॉलेजात क्रीडा माहिती अधिकारी होते. म्हणजे धावफलक, आकडेवारी, वार्ताहरांना चहापाणी. तिथले बास्केटबॉल प्रशिक्षक डेव्ह गॅव्हिट यांनी १९७९ मध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्स काढली आणि पहिला कर्मचारी म्हणून ट्रॅंगीझींना बरोबर घेतलं. अकरा वर्षं दुसऱ्या नंबरवर राहून १९९० मध्ये ते कमिशनर झाले ते थेट २००९ पर्यंत.

या तिघांत कायद्याचा पदवीधर एक, प्रसिद्धीतला एक, कम्प्लायन्समधला एक. पण तिघांनीही कुठल्या तरी छोट्या जागी, कमी माणसांत, सगळ्या प्रकारची कामं हाताखालून घातली. ती संधी मोठ्या ऑफिसमध्ये मिळत नाही. तिथे कामाचे कप्पे पडलेले असतात. एकजण फक्त पोहण्याच्या स्पर्धा बघतो, दुसरा फक्त पंचांचे पैसे.

तुझ्या मित्रांचं म्हणणं मात्र खोटं नाही. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मोठ्या खुर्च्यांवर बाहेरची माणसं आली आहेत. लॅरी स्कॉट २००९ मध्ये महिला टेनिसच्या डब्ल्यूटीएमधून पॅक-१० (पुढे पॅक-१२) या कॉन्फरन्समध्ये आले, पुढे वर्षाला ५० लाख डॉलरच्या वर कमावत होते. त्यांच्यानंतर २०२१ मध्ये जॉर्ज क्लियाव्हकॉफ एमजीएम रिसॉर्ट्समधून आले. बिग १२ ने २०२२ मध्ये ब्रेट यॉर्मार्कना करमणूक व्यवसायातून उचललं. बिग टेनचे सध्याचे कमिशनर टोनी पेटिटी यांची बरीच कारकीर्द टीव्हीत गेली. कारण उघड आहे. बिग टेनने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी केलेला सात वर्षांचा करार ७ अब्ज डॉलरच्या वरचा होता. एवढी रक्कम टेबलावर असली की अध्यक्षांना सौदा करणारा माणूस हवासा वाटतो.

पण पॅक-१२ चं पुढे काय झालं तेही बघ. १९१५ पासूनचा वारसा असलेली ही कॉन्फरन्स. २०२२ च्या जूनमध्ये यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनची वाट धरली. टीव्हीचा नवा करार लांबत गेला. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच विद्यापीठं निघून गेली. बारांपैकी दहा गेली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे उरली. सगळा दोष दोन माणसांच्या माथी मारणं मला पटत नाही, विद्यापीठांच्या अध्यक्षांनीही आपल्या हाताने पुष्कळ संधी घालवल्या. तरी एवढं खरं की सौदा जमवणं आणि मोट बांधून ठेवणं ही वेगळी कौशल्यं आहेत. आणि पडझडीनंतर, मार्च २०२४ पासून, त्या दोन विद्यापीठांनी कमान कुणाच्या हाती दिली? टेरेसा गूल्ड यांच्या. आधी याच ऑफिसमध्ये उपकमिशनर, त्याआधी वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचं ऑफिस आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांची ॲथलेटिक्स खाती. आतून, तळापासून आलेली बाई. २०२६ साठी नवी कॉलेजं जोडून त्यांनी ती कॉन्फरन्स पुन्हा उभी केली.

म्हणून मित्रांना सांग, बाहेरून येणारी माणसं बहुतेक करून सगळ्यात श्रीमंत चार-पाच खुर्च्यांवर येतात. उरलेल्या पंचवीसेक कॉन्फरन्सना, आणि त्यापलीकडच्या डिव्हिजन टू-थ्रीच्या कॉन्फरन्सना, एवढा महागडा माणूस परवडत नाही आणि त्याचा उपयोगही नसतो. डिव्हिजन वनच्या लहान कॉन्फरन्समध्ये उत्पन्नाचा मोठा भाग मार्च महिन्यातल्या बास्केटबॉल स्पर्धेतून येतो. तुझ्या कॉन्फरन्सच्या संघाने पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत एक सामना खेळला की एक युनिट मिळतं, आणि त्याचे सुमारे २० लाख डॉलर सहा वर्षांत विभागून येतात. संघाने एक सामना जिंकून दुसरा खेळला तर आणखी एक. लहान कॉन्फरन्सच्या ताळेबंदात एका विजयाने सहा वर्षं फरक पडतो. अशा ठिकाणी वेळापत्रक कसं लावलं तर आपला सगळ्यात बलवान संघ मार्चमध्ये पुढे जाईल, याचा विचार करणारा माणूस सोन्याच्या मोलाचा असतो. आणि तो आतलाच लागतो.

तुला प्रत्यक्षात काय करावं लागेल त्याची कल्पना यावी म्हणून सांगते. मे महिना, सॉफ्टबॉलची कॉन्फरन्स अजिंक्यपद स्पर्धा, शनिवार दुपार. उपांत्य सामन्याच्या चौथ्या डावात वीज चमकते. मैदान रिकामं करायचं. शेवटची वीज चमकल्यापासून ३० मिनिटं खेळ सुरू करता येत नाही, आणि दर नव्या विजेला घड्याळ पुन्हा शून्यावर. कॉन्फरन्सची चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी हातात फोन आणि जाड बाइंडर घेऊन डगआउटच्या मागे उभी. एक प्रशिक्षक म्हणतो, आजच संपवा, उद्या माझी पिचर दमलेली असेल. दुसरा म्हणतो, मैदान ओलं आहे, माझ्या मुली घसरतील. बसचालकाच्या ड्युटीचे तास भरत आलेत. पंचांपैकी एकाचं संध्याकाळचं विमान आहे. थेट प्रक्षेपणवाले विचारतात, किती वाजता? ताडपत्री ओढायला माणसं कमी पडतात म्हणून हरलेल्या संघाच्या मुलीही धावून येतात. आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न: रविवारी अंतिम सामना झालाच नाही तर एनसीएएच्या स्पर्धेत कोण जाणार? आमच्या कॉन्फरन्सच्या नियमावलीत त्याचं उत्तर एका ओळीत आहे, वरच्या मानांकनाचा संघ जातो. ती ओळ कुठल्या पानावर आहे ते त्या मुलीला पाठ होतं. तिने बाइंडर उघडून दोन्ही प्रशिक्षकांना ती ओळ शांतपणे, एकाच वेळी, एकत्र उभं करून दाखवली. एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर सांगितलं असतं तर पुढची दोन वर्षं त्या दुसऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवला नसता. आज ती एका कॉन्फरन्समध्ये असोसिएट कमिशनर आहे.

हे तुला जमेल असं मला वाटतं, आणि त्याचं कारण तुझा खो-खो आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाताना तू पात्रतेचा फॉर्म भरलास. वयाची अट, प्रवेशाचं वर्ष, प्राचार्यांची सही, क्रीडा संचालकांचा शिक्का. एखादा कागद कमी पडला म्हणून चांगली खेळाडू बाहेर बसलेली तू पाहिली असशील. आता तू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणार आहेस. त्या फॉर्ममागे एक मुलगी असते, हे तुला कुणी वेगळं शिकवायला नको.

कम्प्लायन्सचा आग्रह धरण्याला आणखी एक कारण आहे. ६ जून २०२५ रोजी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि १ जुलैपासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षी कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. खेळाडूने बाहेरच्या जाहिरातदाराशी ६०० डॉलर किंवा जास्तीचा करार केला तर तो कळवावा लागतो. यावर देखरेख ठेवायला मोठ्या कॉन्फरन्सनी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची वेगळी संस्थाच काढली. नियम नवे, अर्थ लावणारे थोडे, प्रश्न रोजचे. माझ्या इनबॉक्समध्ये सकाळी जे येतं, त्याचं तयार उत्तर अनेकदा कुठल्याच पुस्तकात नसतं. अशा काळात जो हे नियम मन लावून वाचेल, त्याची गरज वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसालाही लागते. तुझ्या वयाच्या माणसाला अशी संधी सहसा मिळत नाही.

तिकीट विक्रीला मी कमी लेखत नाही. रोज पन्नास-साठ अनोळखी लोकांना फोन करून विकायला शिकलेला माणूस पुढे देणग्या गोळा करू शकतो, आणि तिथून ॲथलेटिक डायरेक्टर होण्याचा रस्ता अगदी रुळलेला आहे. तुझं स्वप्न ते असतं तर मी उलट सल्ला दिला असता. पण तिकिटाच्या खिडकीवरून कॉन्फरन्स ऑफिसमध्ये जाणारे मी फारच थोडे पाहिले आहेत.

आता व्हिसा. इथे मात्र नुसत्या उत्साहावर भागणार नाही. पदवीनंतर तुला ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतील, त्यात बिनकामाचे दिवस एकूण ९० च्या वर जाता कामा नयेत. आणखी २४ महिने फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदव्यांना मिळतात आणि क्रीडा प्रशासन सहसा त्यात बसत नाही. तुझ्या आय-२० या विद्यार्थी व्हिसाच्या कागदावर छापलेला अभ्यासक्रमाचा कोड विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसमध्ये दाखवून खात्री करून घे. ओपीटीची सुरुवात अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आत ठेवता येते. मे मध्यावर पदवी संपली तर सुरुवात जुलैच्या मध्यापर्यंत ढकल. ऑगस्टपर्यंतचे दोन-तीन आठवडे त्या ९० दिवसांतून जातील, चालेल. इंटर्नशिप पुढच्या मे महिन्यात संपेल आणि ओपीटी जुलैच्या मध्यात. म्हणजे पुढची नोकरी शोधायला तुला मेपर्यंत थांबता येणार नाही. जानेवारीत, बास्केटबॉलचा हंगाम ऐन भरात असताना, अर्ज गेले पाहिजेत.

अर्ज कुठे, हा खरा डावपेच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत खाजगी कंपन्यांसाठी असते. विद्यापीठं या सोडतीच्या बाहेर आहेत, त्यांना वर्षात कधीही अर्ज करता येतो. कॉन्फरन्स ही स्वतंत्र ना-नफा संस्था असते, तिला ही सवलत आपोआप मिळतेच असं धरून चालू नकोस. म्हणून इंटर्नशिपनंतर थेट दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचा हट्ट धरू नको. सभासद विद्यापीठांपैकी एखाद्याच्या कम्प्लायन्स खात्यात जा. वर्षभर ज्यांचे फोन तू घेतलेस, त्यांच्यातलंच कुणीतरी तुला बोलावेल. तिथे चार-पाच वर्षं काढ, मग कॉन्फरन्समध्ये परत ये. सँकींनी हाच क्रम धरला होता, आधी विद्यापीठातलं कम्प्लायन्स आणि मग कॉन्फरन्स.

बाबांना तिकीट विक्रीची नोकरी व्हिसाच्या दृष्टीने जास्त भक्कम वाटत असेल. तिथे दोन गोष्टी तपास. अनेक विद्यापीठांनी तिकीट विक्री बाहेरच्या कंपन्यांना दिली आहे. मोठ्या स्टेडियमचं चित्र असलेल्या पत्राखाली पगार देणारी संस्था कोण, ते वाच. ती खाजगी कंपनी असेल तर सोडतीच्या रांगेतच उभं राहावं लागेल. दुसरं, एच-१बीला ठराविक विषयाची पदवी लागणारं काम लागतं आणि फोनवरून तिकिटं विकण्याच्या कामाला ते पटवून देणं अवघड जातं. २१ सप्टेंबर २०२५ पासून नव्या एच-१बी अर्जावर १,००,००० डॉलर भरण्याचा आदेश निघाला. अमेरिकेत राहूनच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्यांना तो लागू नाही, असं सरकारने नंतर स्पष्ट केलं. हे नियम बदलत आहेत, म्हणून इमिग्रेशन वकिलाचा एक तास पैसे देऊन घे. या घडीला तुझा सगळ्यात योग्य खर्च तो असेल.

परतावं लागलं तर? तेही मनात धरून ठेव, त्यात कमीपणा नाही. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० पासून होत आहेत, प्रो कबड्डी २०१४ पासून आणि अल्टिमेट खो-खो लीग २०२२ मध्ये सुरू झाली. स्पर्धा वेळेवर, नियमाने, खेळाडूंना न छळता पार पाडणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत, आणि उशिरा लागणाऱ्या वेळापत्रकामुळे, रात्री स्टेशनवर झोपणाऱ्या संघांमुळे ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

पैशाबद्दल एक सोपी गोष्ट. कॉन्फरन्स ना-नफा असल्यामुळे दरवर्षी फॉर्म ९९० हे कर खात्याचं विवरणपत्र भरतात आणि तो सार्वजनिक असतो. प्रोपब्लिकाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. तुला बोलावणाऱ्या कॉन्फरन्सचे मागचे तीन-चार फॉर्म काढ. कमिशनर आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पगार त्यात नावासकट असतो. उत्पन्न वाढतंय की घटतंय, शिल्लक किती, तेही दिसतं. बाबांना हा कागद दाखव, आकडे बोलले की घरातला वाद निम्मा होतो. तुला त्यातून आणखी एक कळेल: ही कॉन्फरन्स पाच वर्षांनी असेल का. सभासद सोडून जात असतील, तर इंटर्नशिप करायला हरकत नाही, पण तिथेच कायम व्हायची आशा बांधू नको.

राहिला तुझ्या नावाचा प्रश्न. तो तू शेवटच्या ओळीत लिहिलास, पण मला वाटतं तोच तुला रात्री जागं ठेवतो. ज्युडी मॅकलाउड २०१५ मध्ये कॉन्फरन्स यूएसएच्या कमिशनर झाल्या, तोवर वरच्या श्रेणीचं अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कुठल्याही कॉन्फरन्सने बाईला ही खुर्ची दिली नव्हती. ग्लोरिया नेव्हारेझ २०१८ मध्ये वेस्ट कोस्टच्या कमिशनर झाल्या, डिव्हिजन वनमधल्या पहिल्या हिस्पॅनिक कमिशनर. कीथ गिल २०१९ मध्ये सन बेल्टचे, त्या वरच्या फुटबॉल श्रेणीतले पहिले कृष्णवर्णीय कमिशनर. ही सगळी नावं गेल्या दहा-बारा वर्षांतली आहेत. बिग टेन १८९५ पासून धरली तर दार किती उशिरा उघडलं ते कळतं, आणि आता ते उघडं आहे हेही. तुझं नाव लोक चुकीचं उच्चारतील. पहिल्याच फोनवर नीट सांग आणि पुढे प्रत्येक वेळी सांग, संकोच करू नको. एनसीएएच्या नोकऱ्यांच्या यादीत आणि तिच्या इंडियानापोलिसच्या पदव्युत्तर इंटर्नशिपमध्येही नजर ठेव, तिथे वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुलं एकत्र येतात आणि पुढची तीस वर्षं एकमेकांना कामं सुचवतात.

उद्या सकाळी कॉन्फरन्सला मेल पाठव. विचार: मागचे तीन इंटर्न आज कुठे आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? कम्प्लायन्सचे प्रश्न मी स्वतः हाताळेन की फक्त फायली लावेन? अध्यक्षांच्या आणि ॲथलेटिक डायरेक्टरांच्या बैठकांना मला मागे बसू द्याल का? ओपीटीवरच्या उमेदवाराला आधी घेतलं आहे का, आणि घराच्या भाड्यासाठी काही मदत आहे का? मागच्या तिघांपैकी दोघं याच क्षेत्रात असतील आणि बैठकीत बसायची परवानगी मिळत असेल, तर त्याच दिवशी होकार कळव. तिन्ही इंटर्न क्षेत्र सोडून गेले असतील, किंवा प्रश्न विचारल्याचाच त्यांना राग आला, तर ती जागा सोड आणि दुसऱ्या लहान कॉन्फरन्सच्या जाहिराती बघ. बऱ्याच ठिकाणी या जागा जूनपर्यंत भरत राहतात.